गोगलगायींची अंघोळ

गोगलगाय खाणं सोपं आहे. अवघड आहे ते तिला खाण्याजोगी करणं. त्यात शेजारधर्म म्हणून आपल्याला मोरीपाशी उभं केलं असेल, तर विचारूच नका.

आमच्या शेजारच्या मादाम अस्सल बर्गंडी प्रांताच्या. फ्रान्समध्ये 1979 पासून नियम आहे: 1 एप्रिल ते 30 जून रानातून बर्गंडीची गोगलगाय उचलायची नाही, आणि एरवीही शंख 3 सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर तिच्या वाटेला जायचं नाही. मादाम कायद्याच्या पक्क्या. जुलैत पाऊस थांबला की त्या टोपली घेऊन कुंपणाशी वाकतात आणि प्रत्येकीला पट्टी लावून बघतात.

आणल्या आणि टाकल्या पातेल्यात, असं नसतं. माणसाला विषारी असलेला पालाही ही बया खुशाल खाते, म्हणून आधी जाळीच्या पेटीत आठवडाभर कडकडीत उपास. त्यातली एक पेटी आमच्या पडवीत आली. झाकणावर वीट ठेवा, असं मादामनी बजावलं होतं. ‘‘कुठं पळून जाणारेत त्या?’’ म्हणत आमच्या ह्यांनी नुसता पुठ्ठा ठेवला. सकाळी निम्म्याअधिक भिंतीवर, आणि एक ह्यांच्या बुटात.

मग अंघोळ. जाडं मीठ आणि व्हिनेगर पडलं की त्या भसाभस फेस सोडतात. तो धुवायचा, पुन्हा मीठ, पुन्हा फेस, पाणी नितळ होईस्तोवर. नितळ कधी, ते मादाम ठरवणार. त्यांनी पाण्यात बोट बुडवून डोळे बारीक केले की समजायचं, अजून एक पाणी. बरं, तो बुळबुळीत चिकटा हाताचा सुटता सुटत नाही. भेंडी परवडली! नळाखाली हात धरावा तर आणखी फुगतो. आधी कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसायचं, मग साबण. हे ज्ञान मला शेवटच्या पाण्याला मिळालं. आमचे हे म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय. ‘‘पाव घेऊन येतो’’ म्हणून जे गेले, ते अंघोळी उरकल्यावरच उगवले.

पुढे उकळत्या पाण्यातून काढून काट्यानं शंखाबाहेर ओढायच्या, शेपटाकडचं काळपट वेटोळं कापायचं, आणि गाजर, कांदा, व्हाइट वाइन घातलेल्या पाण्यात दोन-तीन तास मंद आचेवर शिजवायच्या. एवढा वेळ पातेल्यापाशी उभं राहिलं की हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, असा प्रश्न पडतोच. स्पेनमधल्या एका गुहेत 30 हजार वर्षांपूर्वी भाजून खाल्लेल्या गोगलगायींचे शंख सापडलेत. त्या मंडळींचं मी समजू शकते. पोटात आग, आणि समोरची शिकार पळत नाही. पण रोमन? त्यांचाच लेखक प्लिनी लिहितो की फुल्वियस लिप्पिनस नावाच्या गृहस्थानं इटलीतल्या तार्क्विनीजवळ गोगलगायींची चक्क पैदास मांडली. आटवलेला द्राक्षरस आणि पीठ चारून तो त्यांना पोसायचा. दुसरी एक रोमन कृती तर त्यांना दूध पाजा म्हणते, इतकं की फुगून पुन्हा शंखात शिरता येऊ नये. मध्ययुगात ख्रिस्ती उपासाला मांस बंद, पण गोगलगाय मांसात धरत नसत. उपासाला काय चालतं याच्या पळवाटा जगात सगळीकडे सारख्याच हुशार.

लसूण, पार्सली आणि लोण्याची जोड मिळाली ती, म्हणे, 1814 मध्ये. फ्रेंच मुत्सद्दी तालेराँनं रशियाच्या झार अलेक्झांडरला जेवायला बोलावलं आणि आचारी कारेमनं हा बेत केला. गोष्ट खरी असो-नसो, झारला लसूण सोलावा लागला नसणार.

इकडे शंखही उकळून वाळवलेले असतात. त्यांत मांस परत भरून वर लोणी थापायचं; कोण कुणाच्या घरात गेलं, याची चौकशी नाही. लोणी चुरचुरायला लागलं की ओव्हनमधून बाहेर. खळगे असलेली थाळी, शंख धरायला चिमटा, दोन दातांचा काटा. चव विचाराल तर लसूण, लोणी आणि मध्ये काहीतरी मऊ-चिवट. गोगलगायीचं गोगलगायपण आम्हीच तर धुऊन काढलं होतं.

ह्यांनी मात्र पावानं लोणी निपटत डझनभर संपवल्या. सुपरमार्केटात शिजवलेल्या गोगलगायी डबाबंद मिळतात, शंख वेगळे, आणि बऱ्याचशा येतात पूर्व युरोपातून, हे मादामनी तेव्हा सांगितलं. हे मराठीत पुटपुटले, ‘‘मग डबाच का नाही आणला?’’

‘‘काय म्हणतात?’’ मादामनी विचारलं.

‘‘फार आवडल्या म्हणतात.’’

मादाम खुलल्या. दुसरी पेटी तळघरात होती.