सात दिवसांत गाव सुधारण्याची रीत

आमच्या शिवारात नुकतंच एका कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर पार पडलं. भर जानेवारीत गायरानावर दोनशे रोपं लावली, तीही पिशव्यांसकट, आणि समारोपाच्या भाषणात ती गावावर सोपवून मंडळी बसमध्ये बसली. इतकी मोठी सेवा इतक्या सफाईनं कशी उरकायची, हे पुढच्या बॅचलाही कळायला हवं. म्हणून मुलांनो, वही काढा.

पहिल्यांदा हिशोब पक्का करा. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तेव्हापासून गावाला काय मिळालं हे मोजायच्या भानगडीत पडू नका. तुम्ही मोजायचे ते तास. वर्षाला १२०, दोन वर्षांचे २४०, शिवाय एक सात दिवसांचं शिबिर. आता तर क्रेडिटही मिळतात. नोंदवहीत ‘ग्रामस्वच्छता, ४ तास’ असं लिहिताना त्यातले अडीच तास घमेली कुठे ठेवलीत ते शोधण्यात गेले, हे लिहायची गरज नाही.

योजनेचं ब्रीद आहे ‘नॉट मी बट यू’, म्हणजे मी नव्हे, तुम्ही. ते नीट समजून घ्या: खड्डा मी खणतो, पाणी तुम्ही घाला.

शिबिराची तारीख ठरवताना पाऊस, पेरणी, सुगी असल्या गावंढळ गोष्टी बघायच्या नाहीत. सेमिस्टरची परीक्षा कधी संपते ते बघा. मग डिसेंबर-जानेवारीच येतो. आता काम निवडा. वनराई बंधारा उत्तम! तो खरं तर पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओढा वाहता असताना घालायचा असतो, म्हणजे अडवायला पाणी असतं. पण कोरड्या ओढ्यात पाय भिजत नाहीत आणि फोटो स्वच्छ येतो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरा, म्हणजे पाणी आरपार जाईल. तोंडं शिवू नका. पोती विटांसारखी सांधेमोड करून रचण्याऐवजी एकावर एक सरळ ठेवा. तळाशी चर खणून पहिला थर आत बसवायचा असतो, तोही सोडा. पहिल्या पुरात पोती खालच्या गावाच्या हद्दीत जातील. तेही गाव दत्तक घ्या.

सलग समतल चर, म्हणजे पाणी मुरावं म्हणून उताराला आडवे, एकाच पातळीतले चर खणणार असाल तर पातळी आखायच्या ए-फ्रेमला हात लावू नका. दोन सारख्या उंचीच्या काठ्या, मध्ये एक आडवी, वरून दोरीला दगड, एवढंच ते यंत्र, सुतारही लागत नाही. एक पाय रोवायचा, दुसरा पाय दोरी मधल्या खुणेवर येईपर्यंत मागेपुढे करायचा, तिथे फक्कीची खूण, मग फ्रेम फिरवून पुढचा पाय. पन्नास मुलांना हे शिकवायला एक सकाळ जाते, आणि सकाळी उद्घाटन असतं. त्यापेक्षा नजरेनं खणा. नजरेनं खणलेला चर हमखास थोडा उतरता होतो. मग पाणी त्यात मुरत नाही, चरातून धावतं, शेवटाला जाऊन माती फोडतं आणि तुमच्या चराची घळ होते. निघालेली माती उताराच्या बाजूला बांधासारखी घालायची असते. ती चढाच्या बाजूला टाका, म्हणजे पहिल्या सरीत परत चरात येईल. आणि पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडे करतात असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. बस पायथ्याशी थांबते.

‘प्लास्टिकमुक्त गाव’ हा फ्लेक्स दहा बाय आठचा तरी असावा.

आता वृक्षारोपण. हे मन लावून वाचा, कारण यात चुकायला फार वाव आहे आणि तुम्ही त्यातला एकही सोडत नाही. खड्डा एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यायचा असतो, दीड फूट लांब, रुंद आणि खोल, मुरमाड असेल तर दोन फूट. तुम्ही तो लावायच्या दिवशीच खणा, वीतभर पुरे. वरची काळी माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला ठेवून भरताना काळी माती शेणखतात कालवून मुळांशी घालायची असते. तुम्ही सगळं एकत्र लोटा. जूनच्या शेवटी, जमीन खोलवर भिजल्यावर रोप लावलं तर पुढे तीन महिने आभाळच पाणी घालतं. जानेवारीत लावलं तर पुढे पाच महिने कुणीच घालत नाही. सरकारच्या ३३ कोटी झाडं लावायच्या कार्यक्रमावर २०१९ साली लोक काय काय बोलले, पण निदान तो पावसाळ्यात तरी होता!

आणि पिशवी. ती काळी पिशवी ब्लेडनं बाजूनं आणि बुडाशी कापून, मातीचा गोळा फुटू न देता बाहेर काढायची असते. बुडाशी गोल फिरलेली मुळं कापायची असतात. रोपाचा बुंधा जमिनीच्या पातळीला ठेवायचा असतो, गळ्यापर्यंत गाडायचं नसतं. हे सगळं मिळून तीन मिनिटांचं काम आहे. पण पाहुणे उन्हात उभे असतात, म्हणून पिशवीसकट रोप खड्ड्यात जातं. ते लगेच मरतही नाही, हीच तर गंमत. पिशवीतल्या ओलीवर आठ-पंधरा दिवस हिरवं राहतं, तेवढ्यात तुमचा अहवाल जातो. मग मुळं प्लास्टिकला थटतात, बाहेरचं पाणी आत जात नाही आणि रोप उभ्या उभ्या वाळतं. बुंध्याला कॉलेजच्या नावाची पाटी मात्र शाबूत राहते.

पाण्याचा हिशोब कधी केलाय का? एका रोपाला आठवड्याला दहा लिटर धरा. दोनशे रोपांना दोन हजार लिटर. दर आठवड्याला, मार्च ते जून, ज्या गावात मार्चमध्ये विहीर तळ दाखवते तिथे. कोण घालणार? तुम्ही परीक्षेला. सर सुट्टीला. ग्रामपंचायतीच्या टँकरच्या खेपा माणसांनाच पुरत नाहीत. म्हणजे डोक्यावरून हंडे आणणाऱ्या बायांनी तुमच्या गुलमोहरासाठी आणखी एक खेप मारायची. गुलमोहरच का, तर फुलं लाल येतात. आमच्या माळावर करंज, कडुनिंब, आपटा, बहावा, उंबर आपणहून येतात, त्यांना कुणी विचारत नाही. बरं, जिथे लावलं ते गायरान. तिथे शेळ्या चरतात, पिढ्यान्‌पिढ्या चरतात, ज्यांना शेत नाही त्यांच्या शेळ्या. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण नाही, राखण नाही. शेळीनं शेंडा खाल्ला की तुमच्या अहवालात ओळ येते: ‘ग्रामस्थांमध्ये जनजागृतीचा अभाव’. अहो, जिथे तुम्ही खड्डे मारले तिथे चराई बंद पडेल, तर आधी त्या शेळीवालीला विचारायचं की नाही? का ती ग्रामस्थांत येत नाही?

असो. पुढे.

सर्वेक्षण सकाळी अकराला करा. घरात म्हातारी आणि लहान पोर असेल, बाकी शेतावर. दारात उभं राहून, शेजारीण ऐकत असताना विचारा: जात कोणती, उत्पन्न किती, घरात कोणी दारू पितं का, संडास वापरता का. उत्तरं भरून घ्या, फॉर्म कॉलेजच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षी तेच फॉर्म, तेच घर. निष्कर्ष ग्रामसभेत कधीही वाचून दाखवू नका, नाहीतर लोक पुढचा प्रश्न विचारतील.

मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. आठवडाभर शाळेतली पोरं व्हरांड्यात बसतील. शिक्षणाचं महत्त्व सांगणारं पथनाट्य त्याच व्हरांड्यासमोर करा.

पाणीबचतीवर व्याख्यान ठेवाच. घरोघरी नळ देणाऱ्या जलजीवन मिशनचा हिशोब माणशी दिवसाला ५५ लिटरचा आहे, म्हणजे तुमच्या पन्नास जणांना आठवड्याला सव्वाएकोणीस हजार लिटर. स्वतःचा टँकर सोबत आणायचा विचारसुद्धा करू नका.

रक्तदान शिबिर एखाद्या मान्यवरांच्या वाढदिवशीच. त्या दिवशी रक्तपेढीत जागा नसते, प्लेटलेट तर पाच दिवसच टिकतात, उरल्या की फेकायच्या. खरा तुटवडा मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना. तेव्हा तुम्ही गावी असता आणि तिथल्या पेढीला तुमचा नंबर माहीत नसतो. १८ वर्षं पूर्ण, वजन ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, एवढं असेल तर मेमध्येही चालतं. केक मात्र मिळत नाही.

सामाजिक न्यायाला एक दिवस पुरतो, २६ जून, शाहू महाराजांची जयंती. प्रतिमापूजन, घोषवाक्यं, निबंध स्पर्धा. महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, हे निबंधात येतंच. त्याच दिवशी तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात किती शिष्यवृत्ती अर्ज क्लर्क लॉगिनला पडून आहेत, हे कुठल्याच निबंधात येत नाही.

इथे माझी थट्टा संपली, आता सरळ ऐका. न्याय करायला बस करून कुठे जायची गरज नाही. तो तुमच्या शेजारच्या बाकावर अडलाय. अनुसूचित जातीतला मुलगा, घरचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत, भारत सरकारची शिष्यवृत्ती त्याच्या हक्काची. ती का मिळत नाही? आधारवर नाव एक, मार्कशीटवर दुसरं. उत्पन्नाचा दाखला जुना. आधार जोडलंय वडिलांनी कधीतरी काढून दिलेल्या दुसऱ्याच बँकेच्या खात्याला, ते खातं बंद, पैसे परत. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज त्रुटीसाठी मागे आलेला असतो आणि ज्या मोबाइलवर मेसेज जातो तो नंबर त्यानं केव्हाच बदललेला असतो. कॉलेज म्हणतं फी भरा, नाहीतर टीसी देणार नाही. पोर शिक्षण सोडतं. कुणीही आंदोलन करत नाही, कारण बाहेरून ते ‘ड्रॉपआउट’ दिसतं.

आणि ते रोज तुमच्या वर्गाबाहेर झाडू मारणारे काका. ठेकेदाराकडे आहेत ना? किमान वेतन मिळतं का, पीएफ कापला जातो तो भरला जातो का, हातमोजे दिलेत का, चेंबर तुंबलं की त्यांना आत उतरवतात का, कधी विचारलंत? माणसाला असं सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. दत्तक गावातल्या गटारावर पथनाट्य करणाऱ्यांना स्वतःच्या कॅन्टीनमागचं गटार दिसत नाही? लाज वाटली पाहिजे. मुलांना थोडी, तारीख ठरवणाऱ्या सरांना जास्त.

तासच मोजायचे ना? मोजा. वर्गातल्या एकाला घेऊन बसा. आधार, जातीचा दाखला, तहसीलदारांचा चालू उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, मार्कशीट, रेशन कार्ड. आधी सगळ्यांवरची नावं जुळवा. बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते तपासा. मग फॉर्म, मग स्कॅन, मग अर्जाचा नंबर वहीत लिहून ठेवा, दर पंधरवड्याला स्थिती बघा, आणि क्लर्ककडे अडकला तर दहा जण मिळून प्राचार्यांकडे जा. एका अर्जाला दोन तास धरले तर १२० तासांत साठ अर्ज होतात. पन्नास धरा, कारण काहींचा ओटीपीच येत नाही.