जीभ दावा!

महाबळेश्वरहून येऊन कपडेसुद्धा धुवून वाळले पण माझं डोकं अजून गरमच आहे. एका स्ट्रॉबेरीच्या शेतात, बायकोच्या माहेरच्या समस्त मंडळींसमोर, तिथल्या राखणदार मामांनी मला 'आ' करायला लावून, वर मोबाईलचा टॉर्च मारून माझी जीभ तपासली. चोरीच्या संशयावरून.

ट्रिप साडूंनी ठरवलेली. गाडी त्यांची, हॉटेल त्यांच्या ओळखीतलं, त्यामुळे मुलुंडपासून मी मागच्या सीटवर वेफर्सच्या पिशव्या मांडीवर घेऊन गप्प. पसरणी घाटात साडूंचा मुलगा ओकला, पाचगणी आली, गेली, नेहमीचंच सगळं.

क्षेत्र महाबळेश्वर मात्र मला मनापासून आवडलं. म्हणजे ते माल्कम साहेबाच्या नावाच्या पेठेतलं चणे-चपलांचं महाबळेश्वर नव्हे, त्याच्या पुढचं जुनं, एवढंसं गाव. काळ्या दगडाची देवळं, पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पडणारी धार. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री अशा पाच नद्या, शिवाय भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते असं मानतात, ते ऐकून आमच्या सोसायटीच्या पाण्याचं टायमिंग एकदम बरं वाटायला लागलं. याच गावात शिवाजी महाराजांनी १६६५ साली जिजाऊंची सुवर्णतुला केली. हे मी साडूंच्या मुलाला रंगवून सांगत होतो, आणि त्याचं सगळं लक्ष बाहेरच्या बर्फाच्या गोळ्याकडे. लालभडक, रोज फ्लेवर. घेऊन दिला. जरासा चोखला आणि "काका, दात दुखतात" म्हणून माझ्या हातात. अन्न टाकायचं नाही हे आईने इतकं ठोकून ठोकून शिकवलंय की मी तो काडीपर्यंत संपवला. हा गोळा लक्षात ठेवा, पुढे पुरावा म्हणून लागणार आहे.

मग साडूंच्या आदेशावरून स्ट्रॉबेरी फार्म. पार्किंगचे वेगळे, आत जायचे वेगळे, आत जाऊन आपणच खुडायच्या आणि मग आपणच खुडलेल्या वजनावर विकत घ्यायच्या. म्हणजे मजुरीही आपली आणि पैसेही आपलेच! फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत मामा बसलेले. गांधी टोपी, स्वेटर, गळ्यात शिट्टी.

"देठासकट खुडायची. नखानं. वडायची न्हाय. आन् पांडरी दिसली तर हात लावायचा न्हाय, तोडल्यावर पिकत न्हाय ती, आंबा न्हाय. आन् शेतात खायची न्हाय."

आवाज असा की खाल्लं नसताना पोटात गोळा आला. मी निमूट वाफ्यावाफ्यातून, वाफ्यांवर अंथरलेल्या त्या काळ्या-चंदेरी मल्चिंग पेपरवर पाय पडू नये म्हणून तिरका तिरका चालत, पानं उचलून बघत, नखाने देठ तोडत एक टोपली भरली. शेजारी दोन पोरी रील बनवत वाफ्यावरच उभ्या होत्या, त्यांना कोणी काही बोललं नाही. मी बाहेर निघालो आणि शिट्टी वाजली.

"ओ सायेब. जीभ दावा."

"काय?"

"जीभ. भायेर काडा."

मी का काढली? अजून कळत नाही. शिट्टी वाजली की माणूस शाळेत जातो बहुतेक. मामांनी टॉर्च लावला, चष्मा कपाळावर सरकवला, वाकून आत पाहिलं. मग लांबच्या कोणाला तरी हाक मारली, "ए, हिकडं ये रं, बग जरा." तोही आला. त्यानेही पाहिलं.

"मामा, हा गोळ्याचा रंग आहे."

"समदी तसंच म्हंत्यात."

"अहो खरंच, देवळाबाहेर खाल्ला. रोजचा."

"रोज खाता?"

मागे लाईन जमली होती. कोणीतरी खुसखुसलं. मी म्हटलं, मामा, स्ट्रॉबेरीने जीभ इतकी लाल होतच नाही.

"तुमाला कसं ठावं? न खाता?"

याला सुप्रीम कोर्टातही उत्तर नाही. वर मामांनी जिभेचं शास्त्र सांगितलं. तुती खाल्ली की जांभळी पडती, गोळ्याचा रंग टोकाला बसतो, कारण गोळा चोखत्यात, आणि ही तर पार मागपर्यंत लाल. मग सूर बदलला, "मदर प्लांट भायेरच्या देशातनं आणायचं, समदा पावसाळा जपायचं, सप्टेंबराला लावायचं, थेंब थेंब पाणी द्यायचं, जीआय हाय सायेब हिला, म्हंजी गावाच्या नावाचा सरकारी शिक्का, २०१० पासनं. आन् तुमी फुकट खायची?" शंभर रुपये दंड. पावती नाही.

आता मुद्दा असा की माझ्या मागेच साडू उभे होते, आणि ते पहिल्या वाफ्यापासून खात होते. खिशात टिश्यू ठेवून, शिस्तीत. हनुवटीवर बी चिकटलेलं मला स्पष्ट दिसत होतं. पण साडूंना गॉगल आहे, मळखाऊ रंगाचं महागडं जॅकेट आहे, त्यांची जीभ कोण बघणार? मी मामांशी भांडायच्या पवित्र्यात, तेवढ्यात साडूंनी पाकीट काढलं. "मामा, राहू द्या, मी देतो. आमच्यातलेच आहेत." संपलं. माझी केस माझ्याच पार्टीने हरली.

पुढे टोपली वजनाला गेली, टोपलीसकट! भाव दादर स्टेशनबाहेर मिळणाऱ्या बॉक्सपेक्षा चढा. सुवर्णतुलेच्या गावाशेजारी आमची ही तुला. पलीकडच्या वाफ्यांत बायका सकाळपासून ओणव्याने खऱ्या खुडत होत्या, ट्रकसाठी. एकजण कमरेवर हात ठेवून सरळ झाली, आमच्या हॅट घातलेल्या घोळक्याकडे पाहिलं आणि परत वाकली. आम्ही तिकीट काढून अर्धा तास जी हौस करतो ते त्यांचं रोजचं काम, आणि आमच्या तिकिटातला एक रुपया तरी त्यांच्या हजेरीत जातो का, हे मामांना विचारायला हवं होतं. पण माझं तोंड तोवर दोघांनी तपासून झालं होतं.

गाडीत बायको म्हणाली, "खाल्लीस तर खाल्लीस, शंभर रुपयांसाठी कशाला वाद?"

"मी खाल्ली नाही!"

"बरं."

ते 'बरं' वाशी येईपर्यंत गाडीत होतं. मेव्हणीने काढलेला माझ्या जिभेचा व्हिडिओ आता फॅमिली ग्रुपवर आहे, सासूबाईंनी त्यावर हात जोडलेत, का ते माहीत नाही. घरी पोचल्या पोचल्या मी साडूंना शंभर रुपये जीपे केले. मिनिटाच्या आत त्यांनी परत पाठवले, नोटमध्ये एक स्ट्रॉबेरीचा इमोजी टाकून.