चार वर्षांत चार तास

मैत्रिणीने परवा विचारलं, "एवढी पळणारी गाडी घेतलीस, पण पळवतेस कधी?" प्रश्न खवचट होता, पण चुकीचा नव्हता. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हिशोब मांडला. एक्सलरेटर तळाला टेकवायची वेळ काही दिवस येतच नाही, एखाद्या दिवशी दोन-तीनदा येते. सरासरी दिवसाला दहा सेकंद धरले तरी वर्षाचा जेमतेम एक तास होतो. गाडी घेऊन चार वर्षं झाली. म्हणजे तीनशे घोड्यांची पूर्ण ताकद मी आजवर चार तास वापरली. उरलेला सगळा वेळ ते घोडे दप्तरं, सायकल, कुत्री, आईची व्हीलचेअर आणि मला ऑफिसला ओढताहेत.

तरीही उद्या पुन्हा घ्यायची वेळ आली तर अशीच घेईन. का, ते नीट सांगता येतंय का बघते.

गाडी म्हणजे स्टेशन वॅगन. ब्रिटनमध्ये हिला एस्टेट म्हणतात. जर्मन कंपन्यांनी आपापली बारशी केलीत, कुणाची अव्हांट तर कुणाची टूरिंग. वस्तू एकच: सेडानचं छप्पर पार मागच्या टोकापर्यंत न्यायचं आणि डिकी नि केबिन यांची एक लांब खोली करायची. माझ्या गाडीत दोन लिटरचं टर्बो (म्हणजे हवा दाबून आत भरणारं) पेट्रोल इंजिन आहे आणि ताकद चारही चाकांना जाते. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत. आईने पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाली, "अगं, ही तर शववाहिका दिसते." आता मागे तिचीच व्हीलचेअर असते आणि ती पुढे बसून म्हणते, "जरा हळू घे गं."

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अशा गाडीतली ताकद वेगासाठी असते. माझ्या अनुभवात ती वजनासाठी असते. चार माणसं, त्यांच्या बॅगा, बत्तीस किलोची कुत्री आणि तिचा पसारा असं सगळं धरलं की सहज चारशे किलो होतात. सोळाशे किलोच्या गाडीवर ही पंचवीस टक्क्यांची भर झाली. आधीच्या छोट्या गाडीत घाट लागला की एसी बंद करायचा, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नसे. मागून लेक "एसी!" म्हणून आपणच ओरडायचा. या गाडीला चारशे किलो टाकल्याचं कळतं ते ब्रेक दाबताना. चढावर कळत नाही.

खरा फरक ओव्हरटेकला पडतो. दुपदरी रस्त्यावर सोळा मीटरचा ट्रक ताशी ८० किलोमीटरने चाललाय असं समजा. मागचं-पुढचं सुरक्षित अंतर धरलं तर त्याच्यापेक्षा साधारण ८० मीटर जास्त कापायचे असतात. तुमचा वेग त्याच्याहून २० ने जास्त असेल तर याला चौदा-पंधरा सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात तुम्ही समोरच्याच्या बाजूने ४०० मीटर जाता. फरक ४० चा असेल तर सात सेकंद आणि २४० मीटर. समोरून येणाराही थांबून राहिलेला नसतो, त्यामुळे मोकळा दिसायला हवा तो रस्ता याच्या जवळपास दुप्पट.

आता कुणी म्हणेल की रस्त्याची मर्यादाच शंभरची असेल तर? तर मी मागे बसते. आणि इथे एक गोष्ट आहे जी गाडी घेण्याआधी माझ्या डोक्यातही नव्हती. कमी ताकदीच्या गाडीत ओव्हरटेक करायचा तर आधी धाव घ्यावी लागते. मग आपण ट्रकच्या बुडाला चिकटून, मान वाकडी करकरून, संधी शोधत राहतो. हुकली की पुन्हा ब्रेक, पुन्हा चिडचिड. पिकअप हाताशी असला की धाव लागत नाही. मी चांगलं अंतर ठेवून, पुढचं सगळं दिसेल अशी मागे राहते. नाही जमलं तर नाही जमलं. माझं ड्रायव्हिंग या गाडीने शांत केलं, हे नवऱ्याला अजून पटत नाही. पण तो शेजारच्या सीटवर हल्ली झोपतो, यावरून काय ते समजा.

"मग एसयूव्ही का नाही घेतली?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. एसयूव्ही उंच असते, आणि त्या उंचीची किंमत प्रत्येक किलोमीटरला मोजावी लागते. समोरून हवेला अडवणारं अंग मोठं, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. गुरुत्वमध्य वर, त्यामुळे वळणावर अंग झुकतं. ते आवरायला सस्पेन्शन कडक करायचं, मग खड्डे जाणवतात म्हणून आणखी काहीतरी महागडं बसवायचं. एस्टेटमध्ये हे दुखणं मुळातच कमी. पण मला पटवलं ते आमच्या कुत्रीने. तिचं वय झालंय, मागचे पाय दुखतात. एसयूव्हीच्या डिकीत तिला उचलून ठेवावं लागायचं आणि माझी कंबर धरायची. या डिकीचा उंबरठा माझ्या गुडघ्याच्या जरासा वर येतो. ती पुढचे पाय टेकवते, मी मागून आधार देते, झालं. व्हीलचेअरचंही तेच. छपरावरच्या कॅरिअरला सायकल बांधायला स्टूल लागत नाही. एक गोष्ट मात्र एसयूव्हीची खरी: आईला त्या सीटवर नुसतं बसायचं असतं, इथे खाली उतरल्यासारखं बसावं लागतं आणि उठताना हात द्यावा लागतो. याला माझ्याकडे उत्तर नाही.

डिकी आणि केबिन एकच, याचा दुसरा अर्थ लोक विसरतात. सेडानमध्ये सामान भिंतीपलीकडे असतं. इथे ते तुमच्या डोक्याच्या मागे असतं. ताशी ५० किलोमीटरने कशावर आदळणं म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून खाली पडणं, शाळेतल्या पदार्थविज्ञानाचं साधं गणित आहे. आता पंधरा किलोची व्हीलचेअर तिसऱ्या मजल्यावरून लेकाच्या मानेवर पडतेय असं डोळ्यांसमोर आणा. मी ते एकदा आणलं आणि त्या दिवसापासून मागच्या सीटच्या वर जाळी लावल्याशिवाय गाडी हलत नाही. जड सामान खाली, सीटच्या पाठीला टेकवून, पट्ट्याने बांधून. डिकी ६०० लिटरची आहे म्हणून छपरापर्यंत भरणारे लोक बघितले की मला घाम फुटतो.

बारीकसारीक तक्रारी भरपूर. मागची काच उभी असल्याने गाडीच्या मागे हवा फाटते, तिथे पोकळी तयार होते आणि चाकांनी उडवलेला चिखल त्या पोकळीत ओढला जाऊन काचेवर बसतो. म्हणून एस्टेटला मागे वायपर लागतो. पावसात दहा किलोमीटर गेलं की मागची नंबरप्लेट ओळखू येत नाही. ओबडधोबड रस्त्यावर मागून ढोल वाजल्यासारखा घुमणारा आवाज येतो, कारण मागे एवढी मोठी पोकळ पेटीच आहे. सामानावर ओढायचा पडदा खुळखुळतो. त्याच्या कडेला मी कापडी टेप लावलीय, सर्व्हिसिंगवाल्यांना दोन वेळा जमलं नाही ते टेपने जमवलं. (सर्व्हिसिंगला गेलं की तक्रार मी सांगते आणि उत्तर नवऱ्याला मिळतं. त्याला तर बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नाही.) अ‍ॅव्हरेज विचारू नका. बरं, विचाराच: शहरात लिटरला सात, लांबच्या प्रवासाला शांतपणे अकरा.

आणि शाळा. शाळा घरापासून तीन किलोमीटर. टर्बो इंजिनाला अशा फेऱ्या म्हणजे शिक्षाच. तापमानाचा काटा मधोमध आला की आपल्याला वाटतं इंजिन तापलं. तो काटा पाण्याचा असतो, तेल अजून थंडच असतं. थंड तेलावर जोर द्यायचा नाही, हे मी इतकं पाळते की सकाळच्या फेरीत सायकलवाली मुलंही मागे टाकत नाही. वरच्या चार तासांचं हेही एक कारण.

पण सगळ्यात मोठं दुखणं टायरचं. मागच्या वर्षी आम्ही चौघं आणि कुत्री, गाडी गच्च भरलेली, रात्रीचे साडेनऊ, पाऊस. पाण्याखालचा खड्डा दिसला नाही. दणका असा बसला की लेक झोपेतून उठला. पन्नास मीटरवर गाडी एका बाजूला ओढायला लागली. माझे टायर २३५/३५ आर १९ चे: रुंदी २३५ मिलिमीटर, भिंत तिच्या पस्तीस टक्के, रिम एकोणीस इंची. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबराची भिंत फक्त ८२ मिलिमीटर. त्या भिंतीलाच चीर गेली होती. स्टेपनी? नाही. डिकीचं सगळं सामान पावसात रस्त्याकडेला काढून, तळ उचलून बघितलं तर तिथे बॅटरी, वूफर आणि फेसाची एक बाटली. तो फेस खिळ्याच्या भोकाला चालतो, बाजूच्या भिंतीच्या चिरेला त्याचा काडीचा उपयोग नाही. सहाशे लिटरच्या डिकीत एक चाक ठेवायला जागा सापडली नाही, याचा राग माझा अजून गेलेला नाही. टोइंगची गाडी अडीच तासांनी आली. आई तेवढा वेळ पुढच्या सीटवर जप करत होती आणि मधूनच म्हणत होती, "मी म्हटलं होतं हळू घे." मी चाळीसने चालले होते.

गोष्ट इथे संपली नाही. एक टायर बदलायला गेले तर टायरवाला म्हणाला, एक नाही चालणार. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत चारही टायर जवळजवळ सारखे झिजलेले लागतात. जुन्या टायरची नक्षी तीन मिलिमीटर झिजली असेल तर तो व्यासाने लहान झालेला असतो आणि नव्याच्या हजार फेऱ्यांना स्वतः नऊएक फेऱ्या जास्त मारतो. हा फरक पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या यंत्रणेला सतत सोसत राहावा लागतो. तिने हात टेकले तर टायर स्वस्त वाटतील. एका खड्ड्यापायी चार टायर घेतले. वेगवान गाडी घेणाऱ्यांनी पेट्रोलचा हिशोब नंतर करावा, आधी टायरचा करावा.

या जातीच्या गाड्यांचा इतिहास मला भारी आवडतो, म्हणून जरा आडवाटेला जाते. १९९४ मध्ये ऑडीने पोर्शेबरोबर आरएस२ अव्हांट आणली: २.२ लिटरचं पाच सिलिंडरचं टर्बो इंजिन, ३१५ अश्वशक्ती, ब्रेक आणि आरसेसुद्धा पोर्शेचे. त्याच वर्षी व्होल्वोने ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत ८५० एस्टेट उतरवली. शर्यतीत, सेडानांच्या मध्ये, मालवाहू पाठीची गाडी! एकदा तर परेड फेरीत मागे भुसा भरलेला कुत्रा बसवून आले. जिंकले काही नाहीत, पुढच्या वर्षी सेडान आणल्यावर जिंकले, पण लोकांच्या लक्षात राहिली ती एस्टेट. बीएमडब्ल्यूने २००० साली एम३ टूरिंगचा एक नमुना बनवला आणि ठेवून दिला. विकायला आणली ती थेट २०२२ मध्ये.

आणि मग आकडे सुटले. ऑडीची आरएस६ अव्हांट २००२ मध्ये ४५० अश्वशक्तीची होती, २०१९ मध्ये ६०० ची झाली, शून्य ते शंभर ३.६ सेकंदांत. २०२४ ची बीएमडब्ल्यू एम५ टूरिंग हायब्रिड आहे, ७२७ अश्वशक्ती आणि वजन जवळपास अडीच टन. मला या गाड्या बघायला आवडतात, चालवायला मिळाली तर नाही म्हणणार नाही. पण रोजच्या वापराला हे कुठेतरी भरकटलंय. वजन वाढलं म्हणून ताकद, ताकद वाढली म्हणून मोठे ब्रेक, मोठ्या ब्रेकसाठी मोठी रिम, मोठ्या रिमवर पातळ टायर, आणि शेवटी तोच पाण्याखालचा खड्डा. माझ्या तीनशे घोड्यांना वर्षाला एक तास काम मिळतं. सातशेंना किती मिळेल? त्यांच्या मालकांना ते दहा सेकंदही निभावणार नाहीत, पाच सेकंदांत समोर कुणीतरी येईल. मला विचाराल तर अडीचशे ते तीनशे घोडे, सोळाशे किलो आणि जाड टायर, ही रोजच्या एस्टेटची हद्द. त्यापुढचं सगळं गॅरेजमध्ये झाकून ठेवायचं.

झाकून ठेवण्यावरूनच मैत्रिणीला द्यायचं उत्तर मला सुचलं. तिच्या दिराकडे दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. रविवारी निघते. पाऊस असला तर नाही, सामान असलं तर नाही, तिसरं माणूस असलं तर नाही. तिचे चार वर्षांतले तास मी विचारले नाहीत, पण माझ्यापेक्षा जास्त भरतील असं वाटत नाही. माझी गाडी रोज निघते, कारण रोज काहीतरी न्यायचं असतं. आणि रोज निघते म्हणूनच, आईला डॉक्टरकडे सोडून एकटी परतताना, तेल तापलेलं, रस्ता कोरडा, पुढे कुणी नाही, असे ते दहा सेकंद मिळतात. मागे रिकामी जाळी वाजते. खुळखुळणाऱ्या पडद्याचाही तेव्हा राग येत नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा टायर बदलायचे आहेत. या वेळी रिमही बदलणार, एकोणीसऐवजी अठरा इंची, त्यावर २३५/४०. रबराची भिंत ८२ ची ९४ मिलिमीटर होईल आणि चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच राहील. ब्रेकला जागा पुरते का, ते टायरवाल्याने मोजून बघितलंय. लेकाला वाटतं गाडी आता म्हातारी दिसेल. शिवाय मी अठरा इंची स्टेपनी घेऊन डिकीत पट्ट्याने बांधणार आहे, भले शंभर लिटर जागा जावो. कुत्रीने तिथे बसायला नकार दिला तर चाकावर गादी टाकू.