आमिषाचा डबा

शाळेच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच. सोलापुरात कुठल्याशा ख्रिस्ती संस्थेनं फूटपाथवरच्या म्हाताऱ्यांना ब्लँकेटं वाटली, त्यावर एकानं लिहिलं, 'सेवा नाही बे, आमिष आहे.' खाली २७ अंगठे. इकडं मेलबर्नच्या ट्रेनमध्ये ते वाचता वाचता माझं फूटस्क्रे स्टेशन निघून गेलं.

आमिष! अक्कलकोटच्या अन्नछत्रात पंगतीला बसताना हा शब्द कुणाला सुचत नाही.

मिशनला जाब विचारायचाच तर सोलापुरातल्या सेटलमेंटचा विचारा ना. इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी कुटुंबं गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात कोंडली आणि ती वसाहत सांभाळायला दिली अमेरिकन मराठी मिशनकडे. आतल्यांनी हजेरी द्यायची, गिरणीत राबायचं. मिशननं शिकवलं हे खरं, कुंपण राखलं हेही खरं. पण १९५२ साली तो कायदा गेल्यावरही 'सेटलमेंट' असा पत्ता ऐकून खोली नाकारणारे कोण होते? मिशनरी नव्हते. आपल्याच गल्लीतले होते.

मेलबर्नमध्ये सॅल्व्होजनी, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेनं, १८८३ सालीच तुरुंगातून सुटलेल्यांसाठी कार्लटनला घर उघडलं होतं. म्हणून ते देव झाले नाहीत. त्यांच्या वसतिगृहांत पोरांवर झालेल्या अत्याचारांची २०१४ साली रॉयल कमिशनपुढं, म्हणजे सरकारी चौकशी आयोगापुढं, उघड सुनावणी झाली. तिथं प्रश्न पोरांचं काय केलंत हा होता, प्रार्थना का म्हणता हा नव्हता.

एवढं टाइप केलं तर उत्तर आलं, 'लई शहाणा झालास. तिकडंच ऱ्हा मग.'

राहतोयच की.

एक गोष्ट मात्र ग्रुपवर लिहिली नाही. पहिल्या वर्षी गोदामातल्या शिफ्ट बंद झाल्या, भाडं थकलं, तेव्हा मीही सॅल्व्होजच्या दारात उभा होतो. टेबलामागच्या बाईंनी एवढंच विचारलं, मांस चालतं का? पिशवीत पास्ता, दूध, बीन्सचे डबे. रात्री त्या बीन्सवर आईनं दिलेली शेंगाचटणी घालून खाल्ली. तेवढ्यात तिचाच फोन, 'काय जेवलास रे?' म्हटलं, देवळात महाप्रसाद होता.

अजून दर गड्ड्याच्या जत्रेला ती सिद्धेश्वरापुढं हात जोडते, परमुलखात माझ्या लेकराला तूच जेवू घातलंस म्हणून.