फायर अलार्म दर आठवड्याला वाजवा, सगळ्यांना ऐकू येईल असा

९ जानेवारी २०२१ ही तारीख आमच्या भंडारा जिल्ह्यातला माणूस विसरू शकत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात मध्यरात्रीनंतर आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे, म्हणजे आगीपासूनच्या सुरक्षेच्या तपासणीचे, आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण गेले. ऑडिट झालंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण ऑडिट एका दिवसाचं असतं. अलार्मला मात्र रोज रात्री जागं राहावं लागतं, आणि तो जागा आहे की नाही हे वाजवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मी वायरमन आहे. पंखे, मोटारी, बोर्ड अशा कामांसाठी आसपासच्या सरकारी इमारतींत जाणं होते. एका रुग्णालयात अलार्मच्या पॅनलवर, म्हणजे सगळा अलार्म चालवणाऱ्या भिंतीवरच्या पेटीवर, पिवळा दिवा लागलेला दिसला. पिवळा म्हणजे फॉल्ट, कुठेतरी बिघाड. तिथल्या शिपायाला विचारलं तर म्हणाला, "तो तं नेहमीच लागून रायते, भाऊ. आवाज लय करे म्हणून बंद केला." त्याचा दोष मी मानत नाही. त्या दिव्याचा अर्थ त्याला कोणी सांगितलाच नव्हता. यंत्रणा बसवणारे आले, सह्या घेतल्या, गेले.

बिघाड बहुतेक वेळा बॅटरीचा असतो. पॅनलच्या पेटीत खाली बारा व्होल्टच्या सीलबंद बॅटऱ्या असतात. लाइन गेली की सगळी यंत्रणा त्यांच्यावर चालते. अशा बॅटरीचं आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षं, तेही थंड जागी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पॅनल पत्र्याखालच्या व्हरांड्यात, मग ती त्याआधीच बसते. आणि आपली लाइन कधी जाते हे तुम्हाला सांगायला नको. शॉर्टसर्किट झालं की अनेकदा आधी वीजच जाते, म्हणजे ज्या घटकेला बॅटरी लागणार त्याच घटकेला ती मेलेली. दुसरा त्रास धुळीचा. धुराचा डिटेक्टर आतल्या प्रकाशावरून धूर ओळखतो. त्यात धूळ, कोळ्याचं जाळं, बारीक किडे गेले की तो विनाकारण वाजतो. दोनदा तसा वाजला की कोणीतरी हूटरची, म्हणजे भोंग्याची, वायरच काढून ठेवते. वर्षातून एक-दोनदा तो व्हॅक्यूमने साफ केला तर ही वेळ येत नाही. (तपासताना त्याच्याखाली लायटर धरू नका, डिटेक्टर काळा पडतो. त्यासाठी धुराचा स्प्रे मिळतो.)

शहरात निदान बंब लवकर पोचतो. आपल्याकडे तो तालुक्याच्या नगरपरिषदेतून निघणार, पावसाळ्यात रस्ता कसा असतो तुम्हाला माहीत आहे. बंब येईपर्यंत आतली माणसं आणि हातात असलेली मिनिटं, एवढंच आपलं. ती मिनिटं अलार्म देतो. आश्रमशाळेच्या वसतिगृहाचा विचार करा. रात्री लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप, किल्ली अधीक्षकाकडे, आत झोपलेली पोरं. तिथे अलार्म मुका असला तर उठवणार कोण?

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. आठवड्यातला एक वार ठरवा, सोमवार धरा, सकाळी अकराची वेळ ठेवा आणि अलार्म खरोखर वाजवा. दर वेळी वेगळ्या लाल डबीवरून (आग दिसली की दाबायची ती भिंतीवरची डबी), चाचणीची किल्ली लावून. एकाने पॅनलजवळ थांबायचं, दुसऱ्याने शेवटच्या खोलीत आवाज पोचतो का ते ऐकायचं. मग रीसेट करायचं आणि वहीत तारीख, डबीचा क्रमांक, सही. महिन्यातून एकदा मेन बंद करून फक्त बॅटरीवर वाजवायचं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, इंजिनिअर लागत नाही.

रुग्ण घाबरतील असं काही जण म्हणतात. आधी वॉर्डात सांगून ठेवलं तर नाही घाबरत. उलट पोरांच्या, सिस्टरांच्या कानाला तो आवाज ओळखीचा होते आणि खऱ्या वेळी "हे काय वाजून राहिलं?" यात वेळ जात नाही.

२००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यात यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकावर किंवा इमारत वापरणाऱ्यावर टाकली आहे, आणि परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत द्यायचं असतं. पण दोन प्रमाणपत्रांच्या मध्ये सहा महिने असतात. बॅटरीचा खर्च काही लाखांचा नाही. रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती आहे, शाळेत व्यवस्थापन समिती आहे. मागणी लिहून द्या, पोच घ्या.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी आमच्या आरोग्य केंद्राचं आणि आश्रमशाळेचं जुलैचं प्रमाणपत्र आणि आठवड्याची वही दाखवायला सांगणार आहे. वही नसेल तर ती सुरू करायचा ठराव मांडणार. तुमच्या गावीही हे विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. कुठे पिवळा दिवा लागलेला दिसला तर त्याचा फोटो काढून तिथल्या प्रमुखांना त्याच दिवशी दाखवा.