बॅटरी शून्यावर आणण्याविषयी खुलासा

नवा फोन पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, अन्यथा बॅटरीला अर्धवट चार्जिंगची 'सवय' लागते, हा पुण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणारा दावा चुकीचा आहे. तो दोष जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा होता. आजच्या मध्यम किमतीच्या फोनमध्येही असते ती लिथियम-आयन बॅटरी, जी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि ती वारंवार शून्यावर नेल्यास उलट लवकर झिजते. टक्केवारी उड्या मारू लागल्यास एखादे वेळी पूर्ण उतरवून चढवावी, पण त्याने आकडा सुधारतो, बॅटरी नव्हे. खरा घात उष्णतेचा: मे महिन्याच्या उन्हात दुचाकीच्या हँडलवर नकाशा चालू ठेवून फोन चार्ज करणे कितीतरी अधिक बाधक आहे (पुणेकर दुचाकीस्वारांना हे पटेल का, हा प्रश्न वेगळा).