तिवरांवरची अळी आणि आमच्या गावची माशी

गणपतीत ऐरोलीच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो फिरत होता. सहाव्या मजल्यावरून काढलेला. खाली खाडीपर्यंत पसरलेलं तिवरांचं रान, आणि त्यातला भलामोठा पट्टा तपकिरी, कुणी गरम इस्त्री ठेवून विसरल्यासारखा. तासाभरात साठेक मेसेज. एकाच्या मते बिल्डरने रात्रीत विष ओतलं. दुसऱ्याच्या बाल्कनीत धाग्याला लोंबकळणाऱ्या अळ्या आल्या होत्या, त्याला महापालिकेकडून आजच्या आज फवारणी हवी होती. मग आमच्या भाच्याने मला टॅग केलं: ‘मावशी, ऑस्ट्रेलियात मित्रकीटक, म्हणजे किडीला मारणारे किडे, सोडतात ना? आपल्याकडे का नाही मागवत?’

मी आता दक्षिण ऑस्ट्रेलियात, माउंट गॅम्बिअरला, एका लाकूड गिरणीत हिशेब लिहिते. कीटकांशी माझा संबंध कागदावरचा. पण या गावात चारी बाजूंनी पाईन आहे, आणि पाईनचं दुखणं इथे आपल्याकडच्या पाऊसपाण्यासारखं बोललं जातं. त्यामुळे भाच्याला एका ओळीत उत्तर देणं जमेना.

इथली कीड म्हणजे सायरेक्स नावाची लाकूड पोखरणारी माशी. मूळची युरोपकडची, टास्मानियात १९५२ मध्ये सापडली, मग मुख्य भूमीवर आली. मादी खोडात सुईसारखी नळी खुपसून अंडी घालते, आणि सोबत एक विषारी चिकट द्रव आणि बुरशी सोडते. झाड कोमेजतं, बुरशी लाकडात पसरते, अळ्या त्यावर वाढतात. तिच्यावर सोडलेला शत्रू म्हणजे डोळ्याला न दिसणारा सूत्रकृमी, दोऱ्यासारखा सूक्ष्म जंत. तो एरवी तीच बुरशी खाऊन जगतो. पण वाटेत सायरेक्सची अळी भेटली की तिच्या अंगात शिरतो. पुढे अळीची मादी होते तेव्हा तिच्या अंड्यांमध्येच हे कृमी भरलेले असतात. ती बिचारी नव्या झाडावर जाऊन अंडी म्हणून त्यांनाच पेरते. कीड स्वतःच्या पंखांवर स्वतःचा रोग घेऊन हिंडते!

हे कृमी पोचवायचं काम मी एकदा पाहिलंय. शेजारचे आजोबा आयुष्यभर जंगलखात्यात होते, त्यांनी नेलं. उन्हाळ्याच्या तोंडाला काही झाडं मुद्दाम तणनाशक टोचून अर्धमेली केलेली असतात, कारण सायरेक्स आजारी झाडाकडेच धावते. हिवाळ्याआधी ती पाडून एक माणूस टोकाला पोकळ पंच असलेल्या हातोडीने खोडात ओळीने भोकं पाडत जातो, मागून दुसरा प्रत्येक भोकात जेल दाबतो. त्या जेलमध्ये कृमी. ठक, पिचक, ठक, पिचक. प्रत्येक ओंडक्यावर रंगाने आकडा, आणि तो आकडा वहीत. तो वहीचा भाग मला जास्त कळला, धंदाच तो.

आणि इतकं असूनही फजिती झालेली आहे. १९८७ ते ८९ या काळात याच पट्ट्यात ५० लाखांहून जास्त पाईन मेले. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं बुरशीवर वाढवलेली कृमींची जात आळसावली होती, अळीत शिरायचंच विसरत चालली होती. टास्मानियातल्या कामोना इथून पुन्हा ताजी, कडवी जात आणावी लागली. आजोबांचं म्हणणं वेगळंच: ‘रोपं दाटीवाटीने लावली, वेळेवर विरळणी केली नाही, वर दुष्काळ. मग माशीला का बोल लावायचा?’

भाच्याला सांगायचं होतं ते हे, की इथे झाडही परकं आणि कीडही परकी. पाईन कॅलिफोर्नियाचा. किडीचे शत्रू मागे राहिले, म्हणून ते शोधून आणावे लागले. आपल्याकडेही असा प्रसंग आला होता. पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण २००८ मध्ये तमिळनाडूत दिसला, पुढे महाराष्ट्रातही पोचला. फवारण्या करून शेतकरी थकले. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तीन जातींच्या बारक्या परोपजीवी माश्या बंगळुरूला आणून, तपासून, सोडल्या आणि ढेकूण आटोक्यात आला. तिथे परक्याला परका हवाच होता. उलट याच ऑस्ट्रेलियाने १९३५ मध्ये उसावरच्या भुंगेऱ्यांसाठी हवाईहून बेडूक आणले. भुंगेरे मजेत राहिले, बेडूक आजतागायत पसरताहेत.

खाडीतली अळी यातल्या कुठल्याच खात्यात बसत नाही. ती हिब्लिया, सागाची पानं फस्त करणारी म्हणून वनखात्याला जुनी ठाऊक. (येऊरला शाळेच्या सहलीत सागाच्या पानांची सुरेख जाळी झालेली पाहून आम्ही ती वहीत ठेवली होती, ती मात्र दुसऱ्या अळीची करामत.) ही आपल्याकडचीच, तिवरही आपल्याकडचंच. तिला खाणारे साळुंक्या आणि कोतवाल, तिच्यात अंडी घालणाऱ्या माश्या, तिला लागणारा विषाणू, सगळे हजर. भरती-ओहोटीच्या चिखलावर कीटकनाशक मारलं तर आधी हेच मरणार, आणि निवट्या, खेकडे, कोळंबी. पानं गेलेलं तिवर सहसा काही आठवड्यांत पुन्हा फुटतं.

पण हीच अळी केरळात निलांबूरच्या लावलेल्या सागात गेली की शत्रू होते. तिथल्या वनसंशोधकांनी झाडं मोजून काढलं, की कोवळ्या लागवडीत लाकडाची जी वाढ व्हायला हवी त्यातली ४४ टक्के ही अळी खाते. म्हणून त्यांनी तिच्याच विषाणूची फवारणी तयार केली, जी दुसऱ्या कुणाला बाधत नाही. सागाचं लाकूड विकायचं असतं, तिवराचं नाही. कीड कुणाला म्हणायचं ते खातेवही कुणाची यावर ठरतं, असं मला तरी वाटतं.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. एका काकांनी लगेच अंगठा दाखवला, ‘बरोबर, निसर्ग बघून घेईल.’ आणि मला चक्क राग आला. फवारणीवाल्यांपेक्षा जास्त. निसर्ग बघेल, पण आपल्यातलं कुणी बघतंय का? मुंबईत पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाने एकामागून एक वाळले, तेव्हाही आधी ‘पानगळ असेल’ म्हणून सोडलं होतं. आमच्या गल्लीतल्या अशाच एका झाडाच्या बुंध्याला सिमेंट चिकटवलेलं होतं, ते मरेपर्यंत कुणाच्या डोळ्यात आलं नाही. तिवर यंदा किती भागात तपकिरी झालं, गेल्या वर्षी किती, कुठली झाडं फुटली नाहीत, याची साधी नोंद सोसायटीत कुणाकडे नव्हती. नसेल, तर ‘दरवर्षीचंच आहे’ आणि ‘कुणीतरी विष घातलं’ ही दोन्ही वाक्यं सारख्याच वजनाची.

दादाला फोन केला. म्हटलं, बाल्कनीतून समोर दिसणारं एक झाड धर, दर रविवारी एकाच जागेवरून फोटो काढ. ‘अगं, तुझं ऑफिस माझ्या गळ्यात का?’ म्हणाला, पण काढले. पहिल्या रविवारी नुसत्या काड्या. दुसऱ्या रविवारी पाऊस, काही दिसेना. चौथ्याला फोटो मोठा करून पाहिला तर फांद्यांच्या टोकांना पोपटी ठिपके. त्याने तो ग्रुपवर टाकला. त्याखाली पार्किंगच्या नव्या स्टिकरवरून भांडण चालू होतं, ते तसंच पुढे चालू राहिलं.